चित्राच्या जागी बसणारं वाक्य

एसटी घाटात शिरते आणि मोबाइलची रेंज जाते. बातमी उघडलेली असते, अक्षरं आलेली असतात, फोटो मात्र येत नाही. त्या जागी रिकामी चौकट दिसते आणि कोपऱ्यात फाटक्या कागदासारखं बारीकसं चिन्ह. पण कधी कधी त्या चौकटीत एक ओळ असते : ‘कोयना धरणाच्या उघडलेल्या दरवाजांतून कोसळणारं पाणी’. फोटो अजून आलेलाच नाही, मग त्यात काय आहे हे फोनला कळलं कसं? आणि कळत असेल, तर पुढच्या बातमीतल्या चौकटीत काहीच का नाही?

खरं तर फोनला काहीच कळलेलं नसतं. ती ओळ कुणीतरी माणसानं आधीच लिहून ठेवलेली असते. तिला पर्यायी मजकूर किंवा रोजच्या भाषेत आल्ट टेक्स्ट म्हणतात. घाटात तिचा उपयोग दोन मिनिटांपुरता असतो. ज्यांना फोटो कधीच दिसणार नाही, त्यांच्यासाठी मात्र ती ओळ हाच फोटो असतो.

आचाऱ्याची यादी

संकेतस्थळाचं पान म्हणजे मुळात अक्षरांची एक फाइल. आपल्याला वाटतं की फोटो वर्तमानपत्रासारखा तिच्यात छापलेला आहे. तसं नसतं. लग्नघरात आचारी यादी देतो, त्यात जिलबी लिहिलेली असते, पण जिलबी यादीत नसते. ती हलवायाकडून यायची असते. तसंच पानाच्या फाइलमध्ये फोटोचा फक्त पत्ता असतो. ब्राउझर, म्हणजे पान दाखवणारा प्रोग्राम, ती यादी वाचतो, पत्त्यावर जाऊन फोटो आणतो आणि नेमलेल्या जागी बसवतो.

अनुभवी आचारी जिलबीशेजारी आणखी दोन शब्द लिहितो : ‘न मिळाल्यास बुंदी’. फोटोच्या पत्त्याशेजारीही अशीच एक जागा असते. फोटो मिळाला नाही किंवा दाखवता आला नाही, तर त्याऐवजी काय वाढायचं ते तिथे लिहायचं.

ही सोय फार जुनी आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये मार्क आंद्रेसन या अमेरिकन तरुणानं पानात चित्र बसवण्याची खूण सुचवली. तेव्हा तो मोझेक नावाच्या ब्राउझरवर काम करत होता. त्या काळात लिंक्ससारखे फक्त अक्षरं दाखवणारे ब्राउझरही वापरात होते, त्यांना चित्र दाखवताच येत नसे. १९९५ मध्ये पानं लिहिण्याच्या भाषेची, म्हणजे एचटीएमएलची, २.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. चित्र दाखवणं शक्य नसेल किंवा वाचणाऱ्याला नको असेल तर त्याऐवजी दाखवायचा मजकूर, अशी या जागेची व्याख्या तिच्यात आहे. इतक्या वर्षांनंतरही ती जागा तशीच आहे आणि अनेकदा रिकामी आहे.

विंगेतला प्रॉम्प्टर

आमच्या शेजारी एक निवृत्त संगीतशिक्षक राहतात. चाळिशीच्या आत त्यांची दृष्टी गेली. फोन ते कानानं वाचतात. पडद्यावर बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट ऐकू येते, दोनदा टिचकी मारली की ती उघडते. आवाजाचा वेग इतका की शेजारी बसून मला एक शब्दही पकडता येत नाही. सरांना मात्र तो वेग अंगवळणी पडला आहे.

फोनमधल्या या वाचकाला स्क्रीन रीडर म्हणतात. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतो, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. विंडोजच्या संगणकावर एनव्हीडीए हा मोफत प्रोग्राम चालतो. त्याचं काम ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलं. हे वाचक पडद्याकडे ‘बघत’ नाहीत. ब्राउझर एकाच पानाच्या दोन आवृत्त्या तयार करतो. एक डोळ्यांसाठी असते, रंग आणि मांडणीसह. दुसरी दिसत नाही. तिच्यात फक्त क्रमवार नोंदी असतात : हे शीर्षक, हा दुवा, हे बटण, हे चित्र, आणि प्रत्येकाचं नाव. नाटकात विंगेत प्रॉम्प्टर उभा असतो, तसं हे आहे. त्याला नेपथ्याशी देणंघेणं नसतं, त्याच्या हातात संहिता असते. संहितेत जे आहे तेच तो वाचणार.

चित्राची नोंद आली की प्रॉम्प्टर तिचं नाव शोधतो, आणि हे नाव म्हणजेच पर्यायी मजकूर. तो सापडला नाही तर काही वाचक नुसतं ‘ग्राफिक’ म्हणतात, काही फाइलचं नाव वाचतात.

एका संध्याकाळी सर गावातल्या एका संस्थेचं पान ऐकत होते. मी म्हटलं, ‘सर, जरा हळू करा, मलाही ऐकू दे.’ त्यांनी वेग कमी केला. आवाज म्हणाला, ‘व्हॉट्सॲप इमेज, दोन हजार चोवीस, डॅश, शून्य एक, डॅश, बारा, ॲट, दहा, डॉट, बेचाळीस...’ सरांनी बोट सरकवलं. पुढेही तसंच, फक्त आकडे वेगळे. तिसऱ्या वेळी त्यांनी फोन माझ्याकडे धरला. ‘काय आहे गं त्यात?’

ती वसंत व्याख्यानमालेची पत्रिका होती. पाच दिवस, पाच वक्ते, वेळ, जागा. चौथं व्याख्यान संगीत नाटकांवर होतं. सगळं सुबक अक्षरांत, पण एका चित्राच्या पोटात. मी वाचून दाखवलं. सर म्हणाले, ‘तू आलीस म्हणून कळलं. नाहीतर मला वाटलं, कुणीतरी सत्काराचे फोटो टाकलेत.’

त्या पानावर काहीही बिघडलेलं नव्हतं. डोळस माणसाला ते उत्तम दिसत होतं. बनवणाऱ्यालाही ते उत्तमच दिसत असणार, आणि म्हणूनच ही उणीव वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

कोरं पान आणि फाटलेलं पान

इथे एक बारकावा आहे, आणि तांत्रिक माणसंही त्यात चुकतात. पर्यायी मजकुराची जागा मुद्दाम कोरी ठेवणं आणि ती जागाच नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘येथे संवाद नाही’ असं संहितेत लिहिलेलं असेल तर प्रॉम्प्टर शांतपणे पुढे जातो. पानच फाटलेलं असेल तर तो अडखळतो आणि हाताला लागेल ते वाचतो.

म्हणून शोभेच्या चित्रांसाठी, म्हणजे वेलबुट्टी, दोन परिच्छेदांमधली नक्षी, मागचा रंगीत पट्टा यांसाठी, जागा ठेवायची पण ती कोरी ठेवायची. ‘सोनेरी नक्षी’ असं तिथे लिहिणं म्हणजे ऐकणाऱ्याचा वेळ खाणं. पानावर अशा दहा नक्ष्या असतील तर तो दहा वेळा ‘सोनेरी नक्षी’ ऐकेल.

फोटोओळ वेगळी, पर्यायी मजकूर वेगळा

जुन्या घरात शाळेचा किंवा मुंजीचा एखादा समूहफोटो असतो. खाली पुठ्ठ्यावर लिहिलेलं असतं : ‘बसलेले (डावीकडून)... उभे (डावीकडून)...’ आणि साल. फोटोत कोण कुठे आहे हे सगळ्यांना दिसतं, पण ती माणसं कोण हे ती ओळ नसेल तर नातवंडांना कळत नाही. वर्तमानपत्राच्या कचेरीत हिलाच फोटोओळ म्हणतात. डोळ्यांना जे दिसत नाही ते फोटोओळ सांगते : नाव, गाव, वर्ष, निमित्त, छायाचित्रकार. ती सगळ्यांसाठी असते आणि सगळ्यांना दिसते.

पर्यायी मजकुराचं काम याच्या उलट आहे. डोळ्यांना जे दिसतं तेच तो सांगतो, ज्यांच्यापर्यंत ते पोचत नाही त्यांच्यासाठी. अनेक जण फोटोओळच उचलून पर्यायी मजकुराच्या जागी चिकटवतात. मग स्क्रीन रीडर तेच वाक्य लागोपाठ दोनदा वाचतो, आणि चित्रात काय होतं ते शेवटपर्यंत कळत नाहीच.

चौकट : एक फोटो, दोन ओळी

वेरूळच्या कैलास मंदिराचा, डोंगराच्या कड्यावरून खाली बघत घेतलेला फोटो समजा.

फोटोओळ : वेरूळचं लेणं क्रमांक १६, कैलास मंदिर. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं हे मंदिर बेसाल्टच्या अखंड कातळातून वरून खाली कोरत आणलं आहे.

पर्यायी मजकूर : कड्यावरून दिसणारं कैलास मंदिर. तिन्ही बाजूंनी उभा कातळ आणि मधल्या खोल चौकात मंदिर. मंडपाच्या छपरावर कोरलेलं मोठं कमळ आणि त्यावर चार सिंह.

दुसरी ओळ ऐकल्यावर पहिलीतलं ‘वरून खाली’ डोळ्यांपुढे उभं राहतं. दोन्ही ओळी लागतात, आणि एकीनं दुसरीचं काम करायचं नाही.

फोनवरून सांगायची गोष्ट

पर्यायी मजकूर किती लिहायचा, हा पहिला प्रश्न हमखास येतो. अमुक अक्षरांच्या आत लिहा असा नियम अनेक ठिकाणी सांगितला जातो. वेबच्या मानकांमध्ये अशी मर्यादा कुठेही नाही. मला एकच कसोटी उपयोगी पडली आहे. तुम्ही ते पान बहिणीला फोनवरून वाचून दाखवताय आणि मध्ये चित्र आलं. तुम्ही काय सांगाल? जे सांगाल ते लिहा. जे चित्र वगळून सहज पुढे जाल, त्याची जागा कोरी ठेवा. बहुतेक वेळा उत्तर एक-दोन वाक्यांत बसतं.

आकाशवाणीवरून बाळ ज. पंडित यांचं मराठी क्रिकेट समालोचन ऐकत मोठ्या झालेल्या पिढीला हे वेगळं शिकवावं लागणार नाही. समालोचक मैदानावरचं प्रत्येक पान हललेलं सांगत नसतो. चेंडू कुठे गेला, कोण धावलं, किती झाल्या, हे आधी. हवा कशी आहे आणि प्रेक्षक किती आहेत, हे दोन षटकांच्या मधल्या वेळात. महत्त्वाचं पहिल्यांदा सांगायचं, कारण ऐकणारा मधेच पुढे जाऊ शकतो.

महत्त्वाचं काय, हे चित्रावर नव्हे तर ते कुठे लावलं आहे यावर ठरतं. कैलासाचा तोच फोटो खडकांवरच्या लेखात असेल तर कातळाचा रंग आणि त्यावरच्या छिन्नीच्या खुणा सांगाव्या लागतील. सहलीच्या पानावर असेल तर चौकात उतरायला पायऱ्या आहेत की नाहीत हे कामाचं. म्हणून एका फोटोचं एकच ‘बरोबर’ वर्णन नसतं, आणि एकदा लिहिलेलं वर्णन डोळे मिटून दुसऱ्या पानावर नेता येत नाही.

सुरुवातीला ‘फोटो’ किंवा ‘चित्र’ म्हणायची गरज नाही, ते स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. पण तैलचित्र आहे, व्यंगचित्र आहे की हस्तलिखिताचं पान, हे सांगण्याजोगं असतं.

बटणावरच्या चित्रांचं गणित निराळं आहे. भिंगाचं चित्र असलेल्या बटणाला ‘भिंग’ लिहून काय होणार? दाबल्यावर काय होतं ते लिहायचं : ‘शोधा’. पाकिटाच्या चित्राला ‘ईमेल पाठवा’. संस्थेच्या बोधचिन्हावर टिचकी मारून मुखपृष्ठ उघडत असेल, तर संस्थेचं नाव आणि ‘मुखपृष्ठ’. हे राहून गेलं तर माणसाला फॉर्म भरता येत नाही, पैसे भरता येत नाहीत, तिकीट काढता येत नाही. माझ्या मते सुंदर फोटोच्या सुंदर वर्णनापेक्षा ही दोन-दोन शब्दांची नावं आधी लिहायला हवीत.

आलेखांना एका ओळीत बसवण्याचा हट्ट नको. पर्यायी मजकुरात निष्कर्ष द्या, ‘पाच वर्षांत पाणीसाठा सतत घटलेला दाखवणारा स्तंभालेख’, आणि आकडे खाली तक्त्यात लिहा. तक्ता सगळ्यांनाच उपयोगी पडतो. आणि पत्रिका, परिपत्रक, वेळापत्रक यांतली अक्षरं चित्रात कोंडूच नयेत. चित्र टाकायचंच असेल तर खाली पूर्ण मजकूर टाइप करावा. अक्षर म्हणून लिहिलेल्या मजकुराची अनेक रूपं होतात. तो आवाज होतो, मोठ्या टायपात येतो, भाषांतरित होतो. ब्रेल पट्टीवर बारीक टाचण्या वरखाली होऊन तो बोटांखाली उमटतो, म्हणजे ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्यांच्यापर्यंतही पोचतो.

मराठीत लिहिताना

मराठीत नेमका शब्द वापरला तर वाक्य आपोआप लहान होतं. ‘नाकातला मोत्यांचा दागिना’ म्हणण्यापेक्षा ‘नथ’. ‘पाण्याचं गोल भांडं’ म्हणण्यापेक्षा ‘तांब्या’ की ‘घागर’ ते ठरवा. रंगांचंही तसंच. अंध माणसाला रंग सांगून काय उपयोग, असं मला अनेकांनी विचारलं आहे. सरांच्या नातीचा साखरपुड्याचा फोटो मी त्यांना सांगत होते. ‘निळी साडी नेसली आहे,’ मी म्हटलं. ‘निळी म्हणजे कुठली?’ सरांनी लगेच विचारलं. ‘मोरपंखी.’ तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. अनेकांची दृष्टी मोठेपणी गेलेली असते, त्यांना रंग आठवतात. आणि जन्मांध माणूसही आमसुली, अबोली, डाळिंबी हे शब्द ऐकतच वाढलेला असतो, कोणता रंग कोणत्या प्रसंगाचा हे त्याला ठाऊक असतं.

मराठी क्रियापद लिंग विचारतं. ‘बसला’, ‘बसली’ की ‘बसले आहेत’, हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. माणूस ओळखीचा असेल तर त्याच्याबद्दल एरवी जसं बोलतो तसं लिहावं, आदरासह. अनोळखी गर्दीसाठी ‘माणसं’ पुरेसं आहे. दिसण्यावरून जात, धर्म, नातं यांचा अंदाज वाक्यात घालू नये. फोटोत दोघं शेजारी उभी आहेत एवढं दिसतं, ती पतिपत्नी आहेत हे दिसत नाही.

दोन तांत्रिक गोष्टी मराठी पानांना फार नडतात. एक म्हणजे पानाची भाषा. पान कोणत्या भाषेत आहे हे फाइलच्या सुरुवातीला सांगायचं असतं. बरीच मराठी पानं इंग्रजी साच्यावरून बनतात आणि ती नोंद इंग्रजीच राहते. मग प्रॉम्प्टर इंग्रजी आवाज निवडतो, आणि काही इंग्रजी आवाज देवनागरी अक्षरं सरळ गाळतात. दुसरी गोष्ट टंकाची. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या टंकांमध्ये दिसायला मराठी असलं तरी आत रोमन अक्षरांचे संकेत असतात. जुन्या स्मरणिकेच्या फाइलमधून उचलून चिकटवलेली ओळ डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते आणि कानाला निरर्थक ऐकू येते. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. शिवाय ‘जि. प.’ न लिहिता ‘जिल्हा परिषद’ लिहावं, आवाजाला संक्षेप सोडवता येईलच असं नाही.

यंत्राला सांगितलं तर?

फेसबुकनं एप्रिल २०१६ मध्ये फोटोंचं वर्णन संगणकाकडून आपोआप करून घ्यायला सुरुवात केली. ३ जुलै २०१९ रोजी त्यांच्या यंत्रणेत बिघाड झाला, फोटो दिसेनासे झाले, आणि त्यांच्या जागी ‘या चित्रात असू शकेल : माणसं हसताना, झाड, आकाश’ अशा धर्तीच्या ओळी डोळस लोकांनी पहिल्यांदाच पाहिल्या. तेव्हापासून ही यंत्रं पुष्कळ सुधारली आहेत. कच्चा मसुदा म्हणून त्यांची मदत जरूर घ्यावी. पण ‘पाण्यात उभी असलेली, हात वर केलेली माणसं’ एवढं यंत्र सांगेल. तो पुराचा फोटो आहे की अनंत चतुर्दशीचा, आणि तो या लेखात का लावला, हे लावणाऱ्यालाच माहीत असतं. यंत्राची ओळ न वाचता सोडून देणं मला मान्य नाही, चुकीचं वर्णन कोऱ्या जागेपेक्षा वाईट असतं.

पर्यायी मजकूर देणं हा उपकाराचा भाग नाही. डब्ल्यू३सी ही वेबची मानकं ठरवणारी संस्था. मे १९९९ मध्ये तिनं सर्वांना वापरता येतील अशा पानांचे नियम प्रसिद्ध केले, तेव्हा चित्राला शब्दांचा पर्याय द्या हा अगदी पहिला नियम होता, आणि आजच्या आवृत्तीतही तो पहिलाच आहे. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वं आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं माहिती सर्वांना वापरता येईल अशा रूपात देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. २०११ च्या जनगणनेत दृष्टीचं अपंगत्व नोंदवलेले सुमारे ५० लाख लोक भारतात होते. आणि वेबएम ही अमेरिकन संस्था दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठं तपासते. २०१९ ते २०२५ या काळात दरवर्षी त्यांतल्या निम्म्याहून अधिक पानांवर कुठल्या ना कुठल्या चित्राला पर्यायी मजकूर नव्हता.

लिहायची जागा शोधायला कष्ट नाहीत. वर्डप्रेसमध्ये चित्र निवडलं की बाजूच्या पट्टीत पर्यायी मजकुरासाठी रकाना दिसतो. वर्डच्या फाइलमध्ये चित्रावर उजवी टिचकी मारली की पर्याय येतो. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि एक्सवर फोटो टाकताना तो देता येतो. व्हॉट्सॲपवर पत्रिका पाठवताना तारीख, वेळ आणि जागा चित्राखालच्या ओळीत टाइप करा. आपलं पान कसं ऐकू येतं ते कळण्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये टॉकबॅक सुरू करून बघा, पण बंद कसा करायचा ते आधी वाचून ठेवा, कारण सुरू झाल्यावर बोटांच्या खुणा बदलतात.

तुमच्या मंडळाचं, शाळेचं, वाचनालयाचं संकेतस्थळ असेल तर जुने सगळे अल्बम आजच काढून बसू नका. आधी बटणं आणि फॉर्म घ्या. मग सूचना आणि पत्रिका टाइप करा. मग मुखपृष्ठावरचे फोटो. आणि जुन्या समूहफोटोंच्या फोटोओळी लिहायला घ्याल तेव्हा घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला शेजारी बसवा, मागच्या रांगेतली नावं अजून त्यांनाच आठवत असतील.